लाखेवरचा पांढरा

इलेक्ट्रिक बास गिटारच्या आवाजात त्याच्या रंगाचा वाटा जवळजवळ नसतोच, हे आधी सांगून टाकते. तारांखाली बसवलेला पिकअप म्हणजे लोहचुंबक आणि त्याच्याभोवती गुंडाळलेली अतिशय बारीक तांब्याची तार. वरची पोलादी तार थरथरली की खालच्या वेटोळ्यात वीज उमटते आणि तीच केबलमधून अँपपर्यंत, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या यंत्रापर्यंत जाते. लाकडावर काय फासलं आहे हे पिकअपला कळायला वावच नाही. आर. डी. बर्मन यांच्या गाण्यांतला टोनी वाझ यांचा बास आपल्याकडे घराघरांत रेडिओवर ऐकला गेला. तो कोणत्या रंगाचा आहे हे विचारण्याची ऐकणाऱ्याला कधी गरज पडली नाही.

तरीही सगळा उन्हाळा मी रंगाच्याच विचारात काढला. पुण्याजवळच्या एका कारागिराकडे माझा नवा बास तयार होतो आहे. अंग कापून, घासून झालं, मान बसली, पिकअप ठरले. फिनिश तेवढं राहिलं होतं. ‘फिनिश’ म्हटलं की लोकांना फक्त रंग आठवतो, पण त्यात तीन गोष्टी येतात: रंग कोणता, तो कशात कालवलेला आहे आणि वर चकाकी किती ठेवायची. यातल्या पहिलीवर दुकानात तासभर बोललं जातं. दुसरी सहसा कुणी विचारतही नाही, आणि माझ्या मते खरी निवड तिथेच असते.

कारण बास ही अंगाला लावून उभं राहायची वस्तू आहे. तीन तासांच्या कार्यक्रमात उजव्या हाताचा कोपराखालचा भाग त्याच्या वरच्या काठावर टेकलेला असतो, बरगड्यांना त्याची पाठ लागलेली असते, डावा अंगठा मानेच्या मागून सतत वरखाली सरकत असतो. प्रेक्षकांना फिनिश समोरून दिसतं, वाजवणाऱ्याला ते पाठीमागून आणि काठावरून लागतं. त्या जागा दहा-वीस वर्षांनी कशा झालेल्या असतील, हे ठरवणं म्हणजे माझ्या लेखी फिनिश निवडणं.

हे मला सरांच्या बासमुळे कळलं. मी ज्यांच्याकडे शिकले ते सर मूळचे गोव्याचे, सगळी हयात मुंबईत स्टुडिओत आणि स्टेजवर गेलेले. त्यांचा बास सत्तरच्या दशकातला जपानी. सनबर्स्ट, म्हणजे मधोमध पिवळा, बाहेरच्या बाजूला तपकिरी होत जाणारा आणि काठावर काळा. उजवा हात टेकतो तिथला काळा पार उडालेला होता. त्याच्या आत तपकिरी, मग पिवळा आणि मध्यभागी उघडं लाकूड, असे पट्टे तळहाताएवढ्या जागेत एकाशेजारी एक दिसायचे. त्या उघड्या लाकडाला बोट लावलं की ते पॉलिशपेक्षा गुळगुळीत लागायचं, इतका घाम आणि इतकी वर्षं त्यात मुरलेली. पाठीवर पट्ट्याच्या बकलाने काढलेलं ओरखड्यांचं जाळं. पिकअपच्या वरच्या बाजूला, अंगठा ठेवायच्या जागी, बशीसारखा उथळ खळगा. मी एकदा म्हटलं, “सर, नवीन पॉलिश करून घ्या ना.” सर म्हणाले, “अगं, हात कुठे ठेवायचा ते ह्याच्यावर लिहिलंय. ते पुसून काय करू?” त्यांना तसंच म्हणायचं होतं. दोन गाण्यांच्या मध्ये स्टेजवर अंधार झाला की त्यांचा हात न शोधता त्या जागेवर जाऊन बसायचा.

तेव्हापासून मी कुठलाही जुना बास बघितला की आधी झीज बघते. आणि झीज बघायला लागलं की फिनिशमागचा सगळा इतिहास उलगडायला लागतो.

इलेक्ट्रिक गिटारी बनवणारे लिओ फेंडर यांनी कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावात 1951 साली प्रिसिजन बास बाजारात आणला, तेव्हा रंगाचा प्रश्नच नव्हता. ॲश लाकडाचं अंग, त्यावर रेषा दिसतील असा फिकट पिवळसर ‘ब्लाँड’, आणि काळा पिकगार्ड, म्हणजे तारांखालच्या अंगावर बसवलेली पातळ पट्टी. 1954 साली सनबर्स्ट आला. पुढे दोन वर्षांत ॲशच्या जागी आल्डर आलं, कारण ॲशची छिद्रं मोठी असतात, त्यांत आधी लांबी (पुट्टी) भरावी लागते. आल्डर घट्ट रव्याचं, त्यावर काम लवकर उरकतं. ॲश ब्लाँडपुरतं राहिलं. सनबर्स्टचा एक फायदा कारखान्याला फार मोठा होता. अंग दोन-तीन तुकडे जोडून केलेलं असलं तरी काठाच्या काळ्यात सांधे लपतात. देखणेपणा आणि काटकसर एकाच स्प्रेगनमधून निघत होती, आणि म्हणूनच तो टिकला असावा. सुरुवातीच्या तीनरंगी सनबर्स्टमधला लाल तर उन्हाने इतका उडाला की 1958-59 मधले कित्येक नग आज दोनरंगीच वाटतात.

वेगळा रंग हवा असेल तर फेंडर पाच टक्के जादा घेत. रंगांचे पहिले तक्ते 1960 च्या सुमारास निघाले आणि त्यांतले बहुतेक रंग मोटारींचे होते. ड्यूपाँ कंपनी मोटारींसाठी ड्युको आणि ल्युसाइट या नावांनी जे रंग बनवी, तेच गिटारींवर मारले जात. कपाटांना स्प्रेने मारायच्या रंगाला आपल्याकडचे सुतार अजून ड्युको म्हणतात, तो याच घराण्यातला. लेक प्लॅसिड ब्लू कॅडिलॅकवरून आला, फिएस्टा रेड फोर्ड थंडरबर्डवरून, सर्फ ग्रीन शेव्हरलेवरून. लांबलचक मोटारींवर शोभणारे हे रंग हातभर लाकडावर इतके का खुलतात, ते मला आजवर कुणी समाधानकारक सांगितलेलं नाही. मला वाटतं, त्यांच्यात भीड नाही. फर्निचर लाकडासारखं दिसायची धडपड करतं, हे रंग तसलं काही करत नाहीत.

लेक प्लॅसिड ब्लू कित्येक वर्षं माझ्या मनात घर करून होता. पण त्याची गंमत अशी की तो आज जसा दिसतो तसा तो कधी मारलेलाच नव्हता. मूळ रंग स्वच्छ, चांदीची झाक असलेला निळा. त्यावर संरक्षणासाठी पारदर्शक लॅकर मारलं जाई, आणि ते लॅकर वर्षं जातील तसं पिवळं पडतं. निळ्यावर पिवळी काच धरली की हिरवा दिसणारच. ऑलिंपिक व्हाइटचं तेच: शुभ्र म्हणून मारला आणि आता सायीच्या रंगाचा झाला. जुन्या बासचे जे रंग आपण जीव टाकून बघतो, त्यांतला अर्धा रंग काळाने नंतर मारलेला आहे.

ते पिवळं पडणारं लॅकर म्हणजे नायट्रोसेल्युलोज. कापसावर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया करून हा पदार्थ बनतो, तो थिनरमध्ये विरघळवून मारतात. थिनर उडालं की मागे कवच उरतं. बस्स, आत कुठली रासायनिक गाठ पडत नाही. म्हणून वर पुन्हा थिनर लागलं की ते विरघळतं, आणि याचमुळे त्याची दुरुस्ती सोपी असते: नवा हात, म्हणजे नवा थर, जुन्यात मिसळून जातो, सांधा राहत नाही. ते पातळ असतं, झिजतं, थंडी-उन्हाच्या एकदम फरकाने त्यावर बारीक तडे जातात. पॉलियुरेथेन किंवा पॉलिएस्टर याच्या उलट. त्यात हार्डनर (कडक करणारं रसायन) पडतो, कवच कायमचं बांधलं जातं, मग थिनरला ते दाद देत नाही. फेंडरने 1968 च्या सुमारास पॉलीची वाट धरली. आजचे बहुतेक कारखानी बास पॉलीचेच असतात आणि त्यात कमीपणा काहीच नाही. ठाण्यासारख्या गावात, जिथे जुलैत हवेतली आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर जाते, तिथे पूर्ण बंदिस्त पॉली हे शहाणपणाचं फिनिश आहे. पण पॉली झिजत नाही, फुटतं. वीस वर्षं हात टेकवला तरी जागचं हलत नाही, आणि एक दिवस दाराच्या कडेला आपटलं की काचेसारखा टवका उडतो. तो टवका त्या दाराचा. त्यात वाजवणाऱ्याचं काही नसतं.

नवा बास मुद्दाम झिजवून, ठोके देऊन, गंजवून विकतात, त्याला ‘रेलिक’ म्हणतात. त्यातली कारागिरी पुष्कळदा उत्तम असते, पण मला तो घ्यावासा वाटत नाही. तिथे हात टेकायची जागा दुसऱ्याच कुणीतरी ठरवलेली असते. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीच्या गाण्यांत बास वाजवणारे जेम्स जेमर्सन यांचा 1962 चा सनबर्स्ट प्रिसिजन 1983 साली, त्यांच्या मृत्यूच्या थोडं आधी चोरीला गेला. त्याच्यासारखे दिसणारे बास आज विकत मिळतात. पण त्या लाकडावर जेमर्सन यांचा हात पडलेला नाही, आणि मला तेवढा एक फरक पुरेसा आहे.

आवाजात फिनिशचा वाटा नसतो असं मी म्हटलं, त्याला एक अपवाद आहे आणि तो लखलखीत आहे. बासवादक जॅको पास्टोरियस यांनी आपल्या 1962 च्या फेंडर जॅझ बासवर फ्रेट, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या, काढून टाकलेली पट्टी वापरली आणि तिच्यावर बोटींना लावतात ते इपॉक्सी चढवलं. खरखरीत राउंडवूंड, म्हणजे वरून गोल तार गुंडाळलेल्या, तारा शिसवी पट्टी खाऊन टाकतात, म्हणून तिला चिलखत हवं होतं. तार थेट त्या कडक, गुळगुळीत थरावर दाबली जायची. त्यांचा तो गाणारा, माणसासारखा दीर्घ सूर घडवण्यात या थराचाही हात होता; बाकी सगळा अर्थात त्यांच्या बोटांचा. तार जिथे फिनिशला शिवते तिथे फिनिश ऐकू येतं. अंगाला तार शिवत नाही.

आता माझा बास. अंग तुनाचं आहे. मिरजेत सतारीला हेच लाकूड वापरतात: वजनाला बेताचं, रंगाने तांबूस, कापताना गोडसर वास सुटणारं. मी शेडमध्ये गेले तेव्हा ते नुसतं घासून ठेवलेलं होतं, धुळकट, फिकट विटकरी. दादांनी, म्हणजे माझ्या कारागिराने, फडकं स्पिरिटमध्ये भिजवलं आणि एका दमात अंगावरून फिरवलं. जिथून फडकं गेलं तिथे लाकूड एकदम खोल झालं. आतल्या रेषा वर आल्या, मधेच एक आडवी चमक दिसायला लागली, बास कलता केला की ती सरकायची. अर्ध्या मिनिटात स्पिरिट उडालं आणि सगळं पुन्हा विटकरी. पारदर्शक फिनिश केलं तर लाकूड कसं दिसेल हे बघायची ही जुनी रीत. दादा म्हणाले, “ताई, हे झाकायचं जिवावर येतं हो.”

माझ्याही जिवावर आलं. पण मी तिथेच ठरवलं की झाकायचं. नुसत्या पारदर्शक फिनिशमध्ये लाकूड पहिल्या दिवशी जे सांगायचं ते सगळं सांगून मोकळं होतं. झीज झाली तरी लाकडावर लाकूडच दिसतं, जरा मळकट. मला वरून अपारदर्शक रंग हवा होता, म्हणजे हात जिथे खरंच टेकेल तिथे, आणि तिथेच, आतलं हळूहळू वर येईल. बीटल्सचे पॉल मॅकार्टनी यांच्या रिकनबॅकर बासचं उदाहरण माझ्या मनात होतं, पण उलट्या दिशेने. तो आधी फायरग्लो, म्हणजे लाल सनबर्स्ट होता. 1967 मध्ये त्यावर त्या काळच्या धाटणीची रंगीबेरंगी चित्रकारी झाली. नंतर सगळं खरवडून उघडं लाकूड ठेवलं. तिन्ही रूपं मला आवडतात. फक्त लाकूड उघडं व्हायचं असेल तर ते पॉलिश पेपरने एका दिवसात होऊ नये, माझ्या हाताने व्हावं.

कोणता रंग, याचा निकाल स्टेजने दिला. गडकरी रंगायतनला किंवा बालगंधर्वला आमचा मराठी गाण्यांचा कार्यक्रम असतो तेव्हा बासची जागा मागे, ड्रमसेटच्या शेजारी. वरून एलईडीचे दिवे प्रत्येक गाण्याला रंग बदलतात. निळा बास लाल दिव्याखाली काळपट दिसतो, लाल बास हिरव्या दिव्याखाली विझून जातो, आणि सनबर्स्टचे काठ अंधारात नाहीसे होऊन पिवळा ठिपका तेवढा उरतो. दादांकडे मी रंगांच्या नमुन्याच्या फळ्या घेऊन सावलीत, उन्हात आणि मोबाइलच्या दिव्यासमोर रंगीत जिलेटीन धरून बघत बसले. पांढरा प्रत्येक प्रकाशाला हो म्हणत होता. निळ्यात निळा, केशरीत केशरी. मागे उभं राहून सगळ्या गाण्यांना आधार द्यायचा हेच ज्या वाद्याचं काम, त्याला हा स्वभाव मला फार योग्य वाटला. लेक प्लॅसिड ब्लूचा नाद मी तिथे सोडला, आणि मनापासून सोडला.

“पांढरा मारू,” दादा म्हणाले, “पण ह्या लाकडावर थोड्या दिवसांत गुलाबी व्हायला लागेल.” तुनात आणि महोगनीत तांबडं द्रव्य असतं. लॅकरमधल्या थिनरने ते सुटतं आणि पांढऱ्यातून वर झिरपतं. कितीही हात मारा, ते येतंच. यावर जगभर चालणारा उपाय आपल्या मातीतला आहे: लाख. कुसुम, पळस, बोर यांच्या फांद्यांवरचे किडे ती तयार करतात, झारखंड-छत्तीसगडकडून ती येते, आणि तिची चपडी स्पिरिटमध्ये विरघळवून आपले पॉलिशवाले पिढ्यान्‌पिढ्या फर्निचर घासत आले आहेत. मिरजेच्या सतारींना चकाकी येते तीही लाखेची. 2024 साली तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा मला झालेला आनंद नुसत्या बातमीचा नव्हता. लाखेत थोडं मेण असतं, ते काढून टाकलं की वर जवळजवळ कुठलंही लॅकर नीट धरतं, आणि खालचं तांबडं वर यायचं थांबतं.

मग सगळं अंग लाखेचंच का नाही, हे मी विचारलंच. दादांनी शेडमधल्या एका जुन्या सतारीच्या फळीवर घाम आलेला मनगटाचा भाग मिनिटभर दाबून धरला आणि उचलला. खाली धुरकट ठसा उमटला होता. बैठकीत मांडीवर घेतलेल्या वाद्याला हे चालतं, उन्हाळ्यात मंडपात गळ्यात अडकवलेल्या बासला नाही.

तेव्हा ठरलं ते असं: खाली लाख, त्यावर पांढरा नायट्रो, वर पारदर्शकाचे मोजकेच पातळ हात. पिवळेपणा आधीच मिसळायचा नाही. आज तो शुभ्र असू दे, साय व्हायचं काम वर्षं करतील. काठावर हात टेकेल तिथे आधी पांढरा पातळ होईल, खालून लाखेचा मधाळ थर दिसेल, त्याखाली तुनाचा तांबडा. ठाण्याच्या हवेत नायट्रो ही जोखीम आहे हे मला माहीत आहे आणि ती मी पत्करली आहे. मान मात्र पॉलीची, तीही मॅट. मेपल ओल पितं आणि वाकतं, तिथे बंदिस्तपणा हवाच. आणि चकचकीत मानेवर घामट अंगठा अडखळतो. म्युझिक मॅन कंपनीचे बास मानेला तेल आणि मेण लावून येतात, हाताला ते अप्रतिम लागतं, पण पावसाळ्यात ट्रस रॉडशी, म्हणजे मानेचा बाक सरळ करायच्या आतल्या सळईशी, सारखं खेळत बसायची माझी तयारी नाही. चाव्या आणि ब्रिज क्रोमचे. सोनेरी मुलामा घामाने सगळ्यांत आधी जातो.

घाई होती ती फक्त पावसाची. दमट हवेत लॅकर मारलं तर थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि कवच दुधासारखं पांढरं होतं. मग पांढऱ्यावरही ते डाग लपत नाहीत. पॉलिशवाले आषाढ-श्रावणात नवं काम धरायला नाखूश असतात ते यासाठीच. मृग लागायच्या आत नाहीतर थेट दसऱ्यानंतर, असं दादांनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. मेच्या कोरड्या हवेत सकाळी लवकर त्यांनी हात मारले.

सध्या अंग तारेला टांगलेलं आहे. नायट्रो वरून वाळलेलं दिसलं तरी आतलं थिनर आठवडे न् आठवडे निघत राहतं. नाक लावून वास पूर्ण गेला असं वाटल्याशिवाय त्याला घासायचं आणि चमकवायचं नाही. पिकगार्ड कासवाच्या पाठीच्या नक्षीचा की साधा काळा, हे अजून ठरत नाहीये, माझं मन नक्षीकडे आहे. स्टँड मात्र तयार झाला. स्टँडवरचं रबर नायट्रोला खातं, लागेल तिथे लॅकर चिकट होऊन उतरतं, म्हणून त्याच्या दोन्ही हातांना आईच्या जुन्या सुती साडीचं कापड गुंडाळून शिवून टाकलं आहे. मध्यंतरात माझा बास दुसऱ्या कुणाच्या स्टँडवर टेकवायचा नाही, हे आमच्या गिटारवादकाला आत्ताच बजावून ठेवलं आहे.